आधी जुना प्रोसेसर आणा

माझे सासरे श्रीधरराव कोथिंबिरीची जुडी घेताना आधी दोरा सोडून आत काय भरलंय ते बघतात. रिक्षात बसले की मीटरवरची नजर काढत नाहीत, आणि मीटर बरोबर निघाला तर रस्त्याचा संशय घेतात. बंगळूरला बळेपेटेत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, वरती घर. पत्रिका छापून छापून माणूस असा होतो, असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या नावापुढे जी पदवी छापून घेतात ती त्याने मिळवलेलीच असेल कशावरून, असं ते विचारतात.

मी सुचेता, त्यांची सून. माहेर पुण्याचं. बंगळूरमध्ये तीन पिढ्या काढलेलं हे घर मराठीच बोलतं, पण 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणतं. नवीन होते तेव्हा मला हसू आवरायचं नाही, आता माझ्याच तोंडात बसलंय. लग्नाआधी मी डीटीपीचा कोर्स केला होता. सासरी बघते तर दुकानात अजून खिळे जुळवून छपाई. मी हट्टाने कम्प्युटर आणायला लावला, कानडी टाइप करायला शिकले, आणि दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल मिळवलं. मिळवलं म्हणजे मामंजींनी ते तात्पुरतं वापरू दिलं होतं. त्या कोपऱ्यात एस.टी.डी. बूथ किती छान होईल, हे ते दर दोन-चार दिवसांनी मला ऐकू जाईल अशा बेताने सासूबाईंना सांगत.

नव्याण्णव साली मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. मंडळ जुन्या लोकांचं, पण आता कोरमंगलाकडे राहणारी, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी पुण्या-नागपूरची मुलंही येऊ लागली होती. त्यांना स्मरणिका फोटोबिटो घालून झकास पाहिजे होती. मराठी मजकूर, कानडी जाहिराती, फोटो, सगळं एका पानात. आमचा कम्प्युटर पानावर दुसरा फोटो ठेवला की बंद पडायचा. मामंजी एकदा मागे उभे राहून हे बघत होते. मग त्यांनी निकाल सांगितला. स्मरणिका गणपतीच्या आत झाली तर टेबल माझं, नाही झाली तर बूथ. मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय?

बिघाड मदरबोर्डात होता, म्हणजे कम्प्युटरचे बाकी सगळे भाग ज्यावर बसवतात त्या मोठ्या पाटीत. ती बदलायची तर लगोलग बदलायला हवी होती, पण आषाढ चालू होता आणि आषाढात आमच्या घरात नवी वस्तू येत नाही. यंत्राला कसला आलाय आषाढ, असं मी एकदाच म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हटलं नाही. श्रावण लागेपर्यंत मी कम्प्युटरची मासिकं वाचत बसले आणि मामंजी मी काय वाचते ते चोरून बघत बसले.

श्रावण लागल्यावर आम्ही दोघं एस. पी. रोडला गेलो. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. फत्तेसिंग हा इथल्याच जुन्या मराठा घरातला, मंडळात येणारा, त्या रस्त्यावर कम्प्युटरचे भाग विकणारा. मला वाटलं, ओळखीचा आहे हे बरं. मामंजींना नेमकं तेच खटकत होतं. परक्याने फसवलं तर निदान भांडता येतं, ओळखीच्याने फसवलं तर त्याला पुढच्या कार्यक्रमात जेवायला वाढावं लागतं, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

फत्तेसिंगने काउंटरवर दोन बोर्ड ठेवले. एकात पडद्याचं आणि आवाजाचं सगळं आतच बसवलेलं होतं. ते स्वस्त होतं, पण आज आहे ते आहे, पुढे त्यात काही वाढवता येणार नव्हतं. दुसरं साधं दिसणारं, रिकाम्या खाचांचं आणि महाग. पण त्यावर आजचा प्रोसेसर चालेल आणि पुढे येणारे वेगवान प्रोसेसरसुद्धा चालतील असं तो म्हणाला. मासिकातही असंच लिहिलं होतं, म्हणून मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. मामंजींनी बोर्ड उलटसुलट करून बघितलं, त्याचा वाससुद्धा घेतला.

"जे प्रोसेसर अजून निघालेच नाहीत," ते म्हणाले, "ते यावर चालतात हे तू कुठे बघितलास?"

फत्तेसिंग म्हणाला की बोर्डावर एक लहानशी चिप असते, तिच्यात सुरुवातीचा प्रोग्राम असतो. त्याला बायॉस म्हणतात. यंत्र सुरू झालं की कोणकोणते भाग बसवलेत ते तो ओळखतो. नवा प्रोसेसर निघाला की कंपनी नवा बायॉस देते, तो फ्लॉपीवरून बोर्डात घालायचा. मामंजींना हे मुळीच पटलं नाही. फ्लॉपीने फार तर कागदपत्रं बदलतील, वस्तू कशी बदलेल? त्यात एप्रिलमध्ये एका व्हायरसने जगभर कम्प्युटरची हीच चिप पुसून टाकल्याचं पेपरात आलं होतं, आणि मामंजींनी ते कात्रण कापून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. म्हणजे बाहेरचा माणूस फ्लॉपी घालून आतलं पुसू शकतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. शेवटी महाग बोर्ड आणि नवा प्रोसेसर घेतला. मामंजी म्हणाले, इथेच चालवून दाखव. फत्तेसिंगने आमच्यासमोर प्रोसेसर बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला.

फत्तेसिंगने पुन्हा केलं. पुन्हा काळा. मग त्याने बोर्डाच्या खोक्यावरची तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला. बोर्ड आधी निघालंय, प्रोसेसर नंतर. बोर्डात जुना बायॉस आहे, तो या प्रोसेसरला ओळखत नाही. नवा बायॉस घालायला पाहिजे. मी म्हटलं, मग घाला. तर तो म्हणाला की घालायला यंत्र सुरू व्हायला हवं, आणि सुरू व्हायला बोर्डाच्या ओळखीचा एखादा जुना प्रोसेसर हवा. त्याच्याकडे या कामाला ठेवलेला एक होता, तो गेल्या आठवड्यातच एका गिऱ्हाइकाने नेला.

"तुमच्या जुन्या मशीनमधला आणा अक्का," तो म्हणाला. "तो यात बसवतो, बायॉस घालतो, मग तो काढून नवा बसवतो. तुमचा तुम्हाला परत."

आमच्याकडच्या कुणालाही हे ऐकवलं असतं तर तो म्हणाला असता, चला उठा इथून. नवा माल चालत नाही, आणि चालवायला तुमच्या घरचा चांगला माल आणून माझ्या हातात द्या. मला मासिकामुळे ठाऊक होतं की असं खरंच असतं. तरी मीही मनात चरकले. मामंजी नुसतं सरी म्हणाले आणि चालू लागले. ते भांडले नाहीत याची मला त्यांच्या भांडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

बुधवारी सकाळी मी जुनं मशीन उघडलं. हे केल्यावर घरात चालणारं एकही यंत्र उरणार नव्हतं, आणि स्मरणिकेची निम्मी पानं अजून लागायची होती. खटका वर केला, प्रोसेसर अलगद उचलला. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी ती चकती, खाली बारीक पिनांच्या रांगा आणि मधे सोनेरी झाकण. सासूबाईंच्या कुडीच्या डबीत कापूस घालून त्यात ठेवला. मामंजींनी डबी माझ्या हातातून घेतली. मी पुढे होतो, तू स्वयंपाक आटपून ये, म्हणाले.

मी फत्तेसिंगच्या दुकानात पोचले तर मामंजी तिथे नव्हते. माझ्यानंतर निघालेला माणूस पोचलेला नाही हे समजू शकते, पण हे आधी निघाले होते. बराच वेळ गेला. मग घामाघूम होऊन आले, डबी सदऱ्याच्या खिशात. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, राहुकाळ होता, तो टळेपर्यंत देवळात बसलो.

फत्तेसिंगने डबी उघडली, प्रोसेसर उचलून तसाच खाचेत बसवला, जुन्या प्रोसेसरचा वेग जुळवायला बोर्डावरच्या पिनांवरच्या लहान टोप्या इकडच्या तिकडे केल्या आणि बटण दाबलं. पडदा काळाच.

आता मात्र माझं डोकं फिरलं. नव्याने चालत नाही, जुन्याने चालत नाही, मग चालतं कशाने? काल संध्याकाळपर्यंत याच प्रोसेसरवर मी पानं लावत होते. फत्तेसिंग म्हणाला, बोर्ड ठीक आहे, हा प्रोसेसर मेलाय. मी म्हटलं, तुमच्या हातात आला आणि मेला? आवाज चढला तसे शेजारच्या दुकानांतले लोक डोकावायला लागले. त्यांच्यासमोर मी म्हटलं की तुम्ही आमचा चांगला काढून घेतलात आणि कुठला तरी मेलेला पुढे केलात. फत्तेसिंगचा चेहरा उतरला. त्याने प्रोसेसर काढून मुकाट काउंटरवर ठेवला.

मामंजींनी तो उचलला. आमच्याकडे पाठ केली, प्रोसेसर चष्म्याजवळ नेला, उलटा करून बघितला आणि डबीत टाकला.

"हा आपलाच आहे," ते म्हणाले. "बदललेला नाही. चल घरी."

मला कळेना. हाच माणूस बारशाचे पेढे नाकाशी नेतो, आणि आज दुकानदाराची बाजू घेतो? वाटेत मी विचारलं, आपलाच आहे हे कशावरून? सगळे सारखेच तर दिसतात. माहीत आहे, म्हणाले. मी म्हटलं, कसं माहीत? म्हटलं ना माहीत आहे, असं म्हणून त्यांनी पावलं उचलली, आणि मी मागे राहिले.

संशयाचं एक आहे, तो घरात एकाला असला की बाकीच्यांना लागतो. संध्याकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभी होते आणि सहज राहुकाळ बघितला. बुधवारचा राहुकाळ दुपारचा. सकाळी कसला राहुकाळ? सासऱ्यांना सातही वारांचे राहुकाळ तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. म्हणजे ते चुकले नव्हते, खोटं बोलले होते. सकाळचा तेवढा वेळ डबी घेऊन ते कुठे होते?

रात्रीच्या जेवणाआधी माझा नवरा प्रदीपकुमार कचेरीतून आला. त्याला सगळं सांगितलं. अण्णा असं काही करणार नाहीत, तो म्हणाला. मग बूट काढता काढता थांबला आणि म्हणाला, पण परवा टेलिफोनवाल्यांचा माणूस येऊन कोपरा मोजून गेला खरा. हे त्याने मला आधी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, तर म्हणे तू चिडशील. मी चिडलेच.

मग माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. मामंजींना बूथ पाहिजे. सरळ नाही म्हणता येत नाही, कारण शब्द दिलाय. तर यंत्रच बंद पडलं म्हणजे प्रश्न मिटला. डबी घेऊन ते कुठे तरी गेले, प्रोसेसर निकामी करून आणला, आणि फत्तेसिंगवर आळ येतोय असं दिसल्यावर तेवढं पाप नको म्हणून 'आपलाच आहे' म्हणाले. यात कुठेच फट दिसेना. मला इतकं वाईट वाटलं की मी वाढलेल्या ताटावरून उठले. माझ्याशी भांडले असते तर चाललं असतं. लग्न होऊन आल्यापासून मी या घरात मान खाली घालून कानडी शिकले, रात्रंदिवस पत्रिका लावल्या, आणि यांनी माझ्या पाठीमागे हे करावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी वामकुक्षीला पडले. सदरा खुंटीला होता. सासऱ्यांच्या खिशात हात घालणारी सून म्हणजे काय याची मला कल्पना होती, तरी घातला. डबी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. प्रोसेसर उजेडात धरला. वरून जसाच्या तसा होता. उलटा केला.

पिनांच्या मधे जे सोनेरी झाकण होतं त्यावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं होतं. आधी वाटलं ओरखडे आहेत. मग अक्षरं दिसली. कानडी अक्षरं, एकाला एक लागून, जागा अपुरी म्हणून शेवटचं जरा खाली घसरलेलं. मी वाचलं आणि परत वाचलं. तिथे माझं नाव होतं. सुचेता.

पाठीमागे सासूबाई केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. सापडला का, असं त्यांनी हळूच विचारलं. मग त्यांच्याकडून कळलं. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन असतं, हातात धरायचं, पेनासारखं, घुंई करत पत्र्यावर ठिपके पाडणारं. आपल्याकडे नवं भांडं नाव घातल्याशिवाय घरात येत नाही, कारण पंगतीला गेलेलं भांडं परत आपलंच आलं हे ओळखायचं कशाने? मामंजींनी तेच केलं होतं. डबी घेऊन चिकपेटेतल्या ओळखीच्या भांडेवाल्याकडे गेले आणि दुकानदाराला दिसू नये म्हणून खालच्या बाजूला नाव घालून घेतलं. फत्तेसिंगने बदलला असता तर जागच्या जागी पकडला असता.

"मी विचारलं," सासूबाई म्हणाल्या, "तुमचं नाव का नाही घातलं? घरातल्या सगळ्या भांड्यांवर तुमचंच आहे की. तर म्हणाले, भांडेवाल्यानेपण हेच विचारलं. वस्तू ज्याची त्याचं नाव. मी काय ते चालवतो?"

मी खिडकीत तशीच उभी राहिले. टेलिफोनवाल्याचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्याला कोपरा मोजू दिला आणि मग जागा पुरत नाही सांगून घालवला, तुझ्या मामंजींना माणूस आला की मोजून बघू दे, मग नाही म्हण, अशी खोडच आहे. मला हसू आलं आणि रडूही. कालपासून मनात यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते सगळं मला एकदम आठवलं.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. ज्या झाकणावर माझं नाव होतं, त्याच्या बरोबर खाली खरा प्रोसेसर होता. वर दिसते ती नुसती चकती. ते घुंई करणारं मशीन त्याच्या डोक्यावर तीन अक्षरं लिहीपर्यंत थडथडत राहिलं होतं. त्याला फत्तेसिंगने मारलं नव्हतं, आणि मामंजींनी मारायचं म्हणून मारलं नव्हतं.

डबी खिशात ठेवायच्या आधी मी तशीच फत्तेसिंगकडे गेले. काल जेवढ्या लोकांसमोर बोलले होते तेवढ्यांसमोर त्याची माफी मागितली, आणि मग आतल्या बाजूला नेऊन त्याला प्रोसेसर दाखवला. त्याने तो भिंगाखाली धरला. त्याचे खांदे हलत होते, पण माझ्याकडे बघून त्याने हसू गिळलं.

"अण्णांना सांगणार?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. मला ते सांगवणारच नव्हतं. त्यांनी आयुष्यात एखाद्या वस्तूवर सुनेचं नाव घातलं, आणि त्यानेच ती वस्तू गेली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

"सरी," तो म्हणाला. "पण मग अण्णांच्या हिशेबी चोर मीच की अक्का. बदलला नाही, तर बिघडवला. मंडळात मला यायचंय अजून."

त्याचंही खरं होतं. मामंजी 'बदललेला नाही' एवढंच म्हणाले होते, 'बिघडवला नाही' असं म्हणाले नव्हते, आणि त्यांचं डोकं आता त्याच मार्गाने चाललेलं असणार. मी म्हटलं, ते माझ्यावर सोपवा. कसं ते मलाही माहीत नव्हतं. मामंजींना काही पटवणं म्हणजे काय हे मी इतकी वर्षं बघत होते.

शेजारच्या दुकानदाराचा एक जुना प्रोसेसर फत्तेसिंगने आपल्या शब्दावर मागून आणला, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. मामंजी आले. राहुकाळ बघून आले, या खेपेला खरा. जुना प्रोसेसर बसवल्यावर पडदा उजळला. फत्तेसिंगने फ्लॉपी घातली. मामंजींनी विचारलं, कुठून आणलीस? त्याने सांगितलं, सायबर कॅफेतून कंपनीच्या साइटवरून उतरवून. कोणत्या कॅफेतून, ते विचारून झालं. मग पडद्यावर इशारा आला की काम पुरं होईपर्यंत वीज बंद करू नका. मधेच वीज गेली तर बोर्ड कायमचं जाईल असं फत्तेसिंगने सांगितलं. त्याने यूपीएस लावला होता, तरी मी दाराबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघून घेतलं. बंगळूरची वीज कधी कुणाचं ऐकते?

पडद्यावर एक पांढरी पट्टी डावीकडून सरकायला लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. मामंजींनी तेवढ्यात विचारलं.

"सुचेता, तो आपला कशाने गेला?"

फत्तेसिंगचा कीबोर्डवरचा हात थांबला. मामंजी पट्टीकडेच बघत होते, पण त्यांचा उजवा हात खिशावर होता, डबीवर. मला वाटलं, आता हे चौकशी लावणार. जुना म्हणजे किती जुना, बुधवारीच का, आदल्या दिवशी तर चालत होता. मी उत्तरं तयार केली होती आणि एकसुद्धा धड नव्हतं.

"वयाने गेला मामंजी," मी म्हटलं. "जुना झाला होता. काढला-घातला की तेवढ्यानेही जातात. कुणाची चूक नाही."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते.

"असेल," ते म्हणाले. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार."

एवढंच. ना कशावरून, ना कोण म्हणालं. मग फत्तेसिंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चुकलं असेल आमचं काही तर मनावर घेऊ नको, आणि कॉफी पितो म्हणून बाहेर गेले. पट्टी अजून अर्ध्यावर होती. दुकानदाराच्या हातात आपली वस्तू टाकून हा माणूस कधी दुकानाबाहेर गेल्याचं मला आठवत नाही. फत्तेसिंगने माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली. माझा शब्द त्यांनी न तपासता घेतला, आणि तो खोटा होता, या गोष्टीची मला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. पण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केला तेव्हा वाटलं, पुन्हा विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

पट्टी पुरी झाली. फत्तेसिंगने वीज बंद केली, शेजाऱ्याचा प्रोसेसर काढला, आमचा नवा बसवला आणि बटण दाबलं. पडद्यावर त्याचं नाव आणि वेग उमटला. मी दारात जाऊन हाक मारली, मामंजी, या, चालला, बघा.

ते समोरच्या कॉफीच्या गाड्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. वळलेसुद्धा नाहीत.

"तू बघितलंस ना?" ते म्हणाले. "मग झालं की." आणि माझ्यासाठी अजून एक कॉफी सांगितली.